काकू पॉझिटिव्ह होते तेव्हा

मी रोजच्या मालिकांचे संवाद लिहिते. कथा वेगळी माणसं लिहितात, पटकथा वेगळी. माझ्या वाट्याला येतं ते पात्रांच्या तोंडचं बोलणं. त्यामुळे एखादी काकू सुधारायचं ठरलं की मला ते सगळ्यात शेवटी कळतं, तेही एका ओळीत: "पुढच्या आठवड्यापासून काकू पॉझिटिव्ह." कारण कथेतलं असतंच असं नाही. नवी खलनायिका यायची असते, नाहीतर काकूचं काम करणारी बाईच प्रेक्षकांना आवडायला लागलेली असते.

मग तो सीन. काकू रडत रडत वाकते, नायिका तिचे हात वरच्यावर धरते. "मोठ्यांनी लहानांपुढे असं वाकायचं नसतं, काकू." हे वाक्य मी झोपेतही लिहीन. खिरीत कालवलेलं विष, घराचे फिरवलेले कागद, मोडलेलं लग्न, सगळं त्या एका वाक्यात माफ. आणि कॅमेरा कुणावर? नायिकेवर. काकूला काय वाटतंय ते कुणाला बघायचंच नसतं. नायिका किती मोठ्या मनाची हे दाखवून झालं की काकूचं काम संपलं.

खलपात्राचं सुधारणं नायकाच्या गोष्टीसाठी वापरूच नये, असं माझं म्हणणं नाही. गोष्टीत प्रत्येक जण कुणाच्या तरी कामालाच आलेला असतो. नायक मोठा होतोय तर होऊ दे. पण केलेल्याचा हिशेब ज्याचा त्याने चुकवला पाहिजे, नायकाने खिशातून पैसे काढून मिटवायचा नाही. हिंदी सिनेमाने यावर वर्षानुवर्षं एक तोडगा वापरला: शेवटच्या रिळात खलनायकाने नायकावरची गोळी झेलायची आणि त्याच्याच मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडायचा. सोय उत्तम. मेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बाजारात जावं लागत नाही. ज्यांना लुटलं त्यांच्या दारावरून जावं लागत नाही.

मला तो दुसरा दिवस हवा असतो. तो मला मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या ८६व्या सुत्तात, म्हणजे सूत्रात, सापडला. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणाऱ्या अंगुलिमालाच्या.

पहिला भाग सगळ्यांना ठाऊक आहे. बुद्ध चालतायत, दरोडेखोर जीव तोडून पळतोय आणि तरी त्यांना गाठू शकत नाही. "मी थांबलोय, अंगुलिमाल, तू थांब." तो शस्त्र फेकून देतो, भिक्खू होतो. मग कोसलचा राजा पसेनदी ५०० घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघालेला, वाटेत बुद्धांकडे येतो; बुद्ध शेजारी बसलेल्या भिक्खूकडे हात करतात, हा बघ अंगुलिमाल. राजाच्या अंगावर काटा येतो. सावरल्यावर तो म्हणतो, आम्हाला दंडाने आणि शस्त्राने जे जमलं नाही ते तुम्ही दंडाशिवाय, शस्त्राशिवाय केलंत. इथपर्यंत ही नायकाचीच गोष्ट आहे. आमच्याकडे असती तर याच चेहऱ्यावर फ्रीज करून एपिसोड संपवला असता.

सुत्त मात्र पुढे जातं. अंगुलिमाल सावत्थीत, म्हणजे श्रावस्ती नगरात, भिक्षेला फिरताना एक अडलेली बाळंतीण बघतो. जीव कासावीस होतो त्याचा. परत येऊन सांगतो. बुद्ध म्हणतात, जा, तिला सांग की जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कुठल्याही जिवाला मारलेलं नाही, या सत्याने तुझं आणि तुझ्या गर्भाचं भलं होवो. त्यावर हा म्हणतो, भन्ते, हे तर मी उघड खोटं बोलल्यासारखं होईल, मी पुष्कळ जीव घेतलेत.

संवाद लिहिणारी बाई म्हणून मला या उत्तराचा हेवा वाटतो. समोर प्रत्यक्ष बुद्ध कोरी पाटी हातात देतायत आणि गळ्यात बोटांची माळ घालून फिरलेला माणूस ती घेत नाही. मग बुद्ध वाक्य दुरुस्त करतात: आर्य जन्म झाल्यापासून, म्हणजे भिक्खू झाल्यापासून, असं म्हण. तेवढं खरं आहे, तेवढंच तो बोलतो, आणि बाई सुखरूप सुटते. श्रीलंकेत गरोदर बायकांसाठी आजही अंगुलिमाल परित्त, म्हणजे त्याच्या नावाचा रक्षणपाठ, म्हटलं जातं. एका खुन्याच्या नावाने!

आणि इतकं होऊनही गाव त्याला सोडत नाही. भिक्षेला गेलेला असताना कुणी ढेकूळ फेकतं, कुणी काठी, कुणी खापर. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र फुटलेलं, अंगावरचं चीवर फाटलेलं, असा तो परत येतो. बुद्ध गावकऱ्यांची समजूत काढायला जात नाहीत. सहन कर, म्हणतात. तुझ्या कर्माचं फळ तू इथेच भोगतोयस.

ढेकळं मारणारे कोण होते ते सुत्त सांगत नाही. मला ते कायम त्या बोटांच्या मालकांचे नातेवाईक वाटत आलेत.

वाल्याची गोष्ट मला या मानाने सुटसुटीत वाटते. रांजणातले खडे मोजून होतात, पण ज्यांच्या नावाचे ते खडे, ती घरं गोष्टीत पुन्हा येत नाहीत. एक गंमत मात्र तिच्यात आहे: सुधारलेलाच पुढे नायकाची गोष्ट लिहितो. रामाला त्याची वाट बघावी लागली.

१९५७चा 'दो आँखें बारह हाथ' बघताना मी दर वेळी रडते, आणि तरी खटकतं ते हेच. सहा खुनी सुधारून माणसं बनतात, पण शेवट होतो तो बैलाशी झुंजून मेलेल्या जेलरचा. ज्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरवरून तो सिनेमा सुचला, ती औंध संस्थानच्या काळातली खुली वसाहत. तिथे कैदी बायकामुलांसह राहायचे, शेती करायचे. तिथे शेवटचा सीन नव्हता. दुसऱ्या दिवशी पिकाला पाणी द्यायला जावंच लागायचं.

या वेळच्या काकूने एक गोष्ट फार वाईट केली होती. बांगडी चोरल्याचा आळ घेऊन स्वयंपाकाच्या मावशींना घराबाहेर काढलं होतं. त्यानंतर त्या मालिकेत दिसल्याच नाहीत, कारण त्या कलाकाराचे दिवस संपले होते. नायिकेने काकूला माफ केलं, पण मावशींच्या वतीने माफ करायचा अधिकार तिला दिला कुणी? मी एक सीन लिहून पाठवला. काकू मावशींच्या चाळीत जाते, मावशी दार उघडतात, ऐकून घेतात, आणि म्हणतात, "बरं. पण मी परत यायची नाही. आणि माझा त्या महिन्याचा पगार राहिलाय."

अर्ध्या तासात फोन आला. "सीन छान आहे गं, पण यात हिरॉइन कुठे आहे?"

नाहीये, म्हटलं.

बरीच घासाघीस झाली. शेवटी तिला चाळीच्या जिन्यात उभं केलं. दोन क्लोजअप द्यावे लागले, संवाद एकही दिला नाही.