भांडुपच्या खोलीतून लाइपझिगची जर्मन

मुंबईहून जर्मनीला येऊ पाहणाऱ्या परिचारिकांचे फोन मला अधूनमधून येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न पगाराचा नसून भाषेचा असतो. जर्मन भाषेच्या चढत्या पातळ्यांचे नियम सर्वांना पाठ असतात: नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जायचे तर साधारणपणे ए-1, नागरिकत्वासाठी बी-1 आणि परिचारिका म्हणून मान्यता हवी तर सहसा बी-2. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा उपनगरांतल्या खासगी क्लासमध्ये या पायऱ्या चढता येतात आणि त्या चढायलाच हव्यात. मात्र तोंडी परीक्षेत परीक्षक आपल्यासाठी सावकाश बोलतो. वॉर्डातले आजोबा ती सवलत देत नाहीत. माझ्या बाबतीत हे अंतर मुंबईत असतानाच बरेचसे कमी झाले ते ऑनलाइन भाषा-विनिमयामुळे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

तुम्ही मला तुमची भाषा शिकवा, मी तुम्हाला माझी शिकवते, असा हा रोखठोक व्यवहार आहे. युरोपात त्याला 'टँडेम' म्हणतात. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांच्यात 1963 मध्ये मैत्रीकरार झाल्यानंतर दोन्हीकडच्या तरुणांच्या मेळाव्यांतून ही पद्धत रुजली, 1990 च्या दशकात विद्यापीठांनी ती ई-मेलवर आणली आणि आता टँडेम, हॅलोटॉक यांसारख्या अ‍ॅपमुळे ती कोणाच्याही खिशात आली आहे. येथे फी नसते. आपल्याजवळची भाषा हेच चलन असते. आपली माणसे चुकतात ती नेमकी येथे, असे माझे मत आहे. 'मी इंग्रजी शिकवू शकते' असे लिहिले, की आपण अशा रांगेत उभे राहतो जिथे इंग्लंड-अमेरिकेतली माणसे आपल्या पुढे असतात. मराठीच्या रांगेत गर्दी नाही. 2011 च्या जनगणनेनुसार ही भाषा आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे, पण ती शिकू इच्छिणाऱ्या जर्मन माणसाला शिक्षक मिळता मिळत नाही. असा माणूस शोधायला वेळ लागतो, हे खरे. मिळाला की मात्र तो टिकतो, कारण त्याला मराठी कशासाठी हवी आहे हे पक्के ठाऊक असते.

मला भेटलेल्या लाइपझिगच्या बाईंना ती विहीणबाईंसाठी हवी होती. त्यांच्या मुलाची सासुरवाडी मुलुंडची, आणि लग्नात दोन्ही विहिणींनी एकमेकींकडे पाहून नुसतेच हसण्यात वेळ काढला होता. मी सेकंड शिफ्ट संपवून, लोकलने घरी येऊन जेवेपर्यंत रात्रीचे साडेदहा होत. हिवाळ्यात तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असत. अर्धा तास जर्मन, अर्धा तास मराठी, आणि मोबाइलचा गजर झाला की वाक्य अर्धे असले तरी भाषा बदलायची, असा आमचा नियम होता. बोलणाऱ्याला मध्येच थांबवायचे नाही, चुका टिपून ठेवायच्या आणि शेवटी त्यांतल्या निवडक तेवढ्याच सांगायच्या, हेही ठरलेले होते. सगळ्याच चुका सांगणारा जोडीदार अखेर आपल्याला मुका करून सोडतो.

विषयही आधीच ठरवावा, नाहीतर हवामान आणि जेवण यांपलीकडे गप्पा सरकत नाहीत. आम्ही बहुधा रुग्णालयाचाच खेळ मांडत असू. बाई रुग्ण होऊन कण्हत, बटाटे मिळमिळीत असल्याची तक्रार करत आणि मी त्यांना विचारत असे, की दुखणे टोचते आहे की ठणकते आहे, थांबून थांबून कळ येते आहे की सारखी आग होते आहे. पुढे गजर झाला, की तेच दुखणे त्या मराठीत घेऊन येत. वॉर्डात पहिल्या आठवड्यापासून जे कामी आले ते हेच. बाईंना 'चमचा'तला च सहज जमे, कारण तो उच्चार जर्मनमध्ये आहेच. 'ळ'पाशी मात्र त्या अडत.

दोघींनीही इंग्रजी टाळायची, ही अट सर्वांत जड गेली आणि सर्वांत फळली. इंग्रजीमार्गे जर्मन शिकणाऱ्याला क्रियापद वाक्याच्या शेवटी का जाते याचे कोडे पडते. मराठी माणसाला ते पडू नये. 'मला वाटते, की ताप उतरला आहे' यातल्या 'की'नंतरचा भाग जर्मनमध्ये 'दास दास फीबर गेझुंकन इस्ट' असा होतो आणि त्यातला शब्दांचा क्रम थेट आपलाच आहे. तीन लिंगेही आपल्या ओळखीची असतात. कोणत्या वस्तूला कोणते, हे पाठ करावे लागतेच, पण टेबलाला लिंग कशाला, असा प्रश्न आपल्याला पडत नाही.

या पद्धतीने व्याकरण मात्र शिकता येत नाही. 'असे का?' म्हणून विचारले, की बाईंचे उत्तर 'असेच म्हणतात' हे असे, आणि 'चहा' व 'चमचा' यांतले दोन च वेगळे का, यावर माझ्याकडेही याहून बरे उत्तर नव्हते. तेव्हा क्लास सोडू नये. अ‍ॅपवर भाषेच्या निमित्ताने भलतीच ओळख वाढवू पाहणारेही भेटतात, म्हणून मुलींनी सुरुवातीला आपला फोन नंबर देऊ नये आणि कोणी पैशांचा विषय काढला तर संभाषण तिथेच बंद करावे.

शक्य झाल्यास ज्या भागात नोकरी मिळायची आहे तिथलाच भाषेचा जोडीदार शोधावा. लाइपझिग ज्या राज्यात आहे त्या सॅक्सनीत क, ट, प हे उच्चार मऊ होऊन ग, ड, ब यांच्याकडे झुकतात, आणि ही बोली प्रथम वॉर्डात ऐकण्यापेक्षा घरी हेडफोनवर ऐकलेली बरी. वेळ ठरवताना एक ध्यानात असू द्यावे: मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, त्यामुळे मुंबईशी साडेचार तासांचे असलेले अंतर उन्हाळ्यात साडेतीन तासांचे होते. सेकंड शिफ्ट करणाऱ्यांनी त्या काळात रविवारची दुपार ठरवावी. तिकडे तेव्हा सकाळची न्याहारी उरकलेली असते आणि माणसे निवांत बोलतात.