ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेज बघून या : संभाजीनगर आणि नांदेडचा आमचा फेरा

बारावी आणि सीईटी उरकलेल्या मुलांच्या आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कॅप राउंडचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज) भरायच्या आत पोरांना घेऊन कॉलेजं बघून या. आम्ही परभणीचे. लेकीला कॉम्प्युटरचीच पदवी करायची आहे. त्यामुळे निकाल हातात आल्यावर, जुलैत, आम्ही दोघी आधी संभाजीनगरला आणि मग नांदेडला जाऊन आलो. तिकडे काय पाहिलं, काय विचारलं आणि कशाचा उपयोग झाला, ते पुढच्यांना कामी यावं म्हणून लिहिते आहे.

आपल्याकडे होतं असं, की नेट कॅफेत बसून तिथला माणूस सांगेल त्या क्रमाने चॉइस कोड (कॉलेज आणि ब्रँचचे नंबर) टाकले जातात, जागा लागते आणि रिपोर्टिंगच्या दिवशी मूल त्या कॉलेजचं फाटक पहिल्यांदा बघतं. पूर्वी पुढच्या राउंडला बदलायला वाव असायचा. 2025-26 च्या प्रवेशापासून तो बराच आवळला गेला. पहिल्या राउंडला पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की, पुढे बदलता येत नाही. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहांपैकी काहीही लागलं तरी तेच. दरवर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचाच, पण सार एवढंच की वरच्या पाच-सहा ओळी लिहिताना तुम्ही चार वर्षं ठरवत असता. त्या ओळींतलं एकही ठिकाण डोळ्यांनी पाहिलेलं नसावं, हे मला पटत नाही.

वेळेचं म्हणाल तर मे महिन्यात जाऊ नका. बेचाळीस अंशांचं ऊन असतं हा भाग वेगळाच, पण मुलं गावी गेलेली असतात, लॅबला कुलूप असतं आणि भेटतो तो फक्त प्रवेश विभागातला माणूस. जुलैत वरच्या वर्षांचे तास सुरू झालेले असतात आणि फॉर्मलाही वेळ असतो. ज्यांची मुलं आत्ता अकरावीला आहेत त्यांनी तर पुढच्या पावसाळ्यात, अभ्यासाचा ताण वाढायच्या आत, आधीच जाऊन यावं. शनिवार टाळा, बऱ्याच ठिकाणी तास नसतात.

संभाजीनगरला जायला परभणीहून सकाळची मराठवाडा एक्सप्रेस सोयीची. खंडपीठात तारीख असलेली मंडळी आणि वकील याच गाडीने जातात, त्यामुळे गर्दी धरून चाला. एसटीने जायचं तर महिलांना 2023 पासून निम्मं तिकीट आहे, आणि आम्हा दोघींना परतताना तेच बरं पडलं. स्टेशनवर उतरल्यावर आधी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय करावं. 1960 पासूनचं हे कॉलेज स्टेशन रोडवर, उस्मानपुऱ्यात, स्टेशनपासून जवळ आहे. विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी आहे, ते दुपारी ठेवा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटपाशी रिक्षा थांबवून आम्ही दोघी उतरलो. 1958 साली सुरू झालेलं हे विद्यापीठ. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला, त्यासाठी माणसांनी किती वर्षं लढा दिला आणि किती जणांचे जीव गेले, हे लेकीला तिथे उभं राहूनच सांगायचं होतं. जिथे शिकायचं त्या जागेची ही किंमत मुलांना माहीत हवी. आत अंतरं मोठी आहेत आणि रस्ता चढाचा आहे, तेव्हा रिक्षा गेटवर न सोडता थेट विभागापर्यंत न्या.

इथे एक गोष्ट बऱ्याच पालकांना ठाऊक नसते. विद्यापीठाच्या आवारातले विभाग मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणाचे. संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान विभागातही पुढे एम.एस्सी.ला यायचं असतं. बारावीनंतरची बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए संलग्न महाविद्यालयांत होते. मग विद्यापीठ बघायचं कशाला? कारण तीन वर्षांनी इथे यायचं असेल तर इथे काय लागतं ते आत्ताच कळतं. एम.एस्सी.च्या मुलींनी लेकीला सरळ सांगितलं, "गणित सोडू नकोस. पहिल्या वर्षाला ते कोणी मनावर घेत नाही आणि इथे आल्यावर तेच नडतं." असा सल्ला कुठल्या माहितीपत्रकात छापलेला नसतो. आणि हो, 2024 पासून बीसीएलाही राज्याची सीईटी आहे, त्यामुळे "इंजिनीअरिंगचं नाही जमलं तर बीसीए आहेच" असं धरून चालणाऱ्यांनी त्या परीक्षेचा अर्ज वेळेत भरलेला असला पाहिजे.

आता लॅबबद्दल, कारण कॉम्प्युटरच्या पदवीचा जीव तिथेच आहे.

एका खाजगी कॉलेजात आमचं स्वागत फार छान झालं. चहा, रंगीत फोल्डर, भिंतीवर मोठ्या पॅकेजचे फलक. लॅब दाखवा म्हटलं तर काचेतून दाखवली. मशीन नवीकोरी, ओळीत लावलेली, खुर्च्यांवर प्लास्टिक तसंच. मी दाराशी टांगलेलं लॅबचं रजिस्टर मागितलं. शिपाई मामांनी दिलंही. शेवटची नोंद मार्चमधली होती, आणि तास तर तीन आठवड्यांपासून सुरू होते. त्या एका पानाने मला त्या फोल्डरपेक्षा जास्त सांगितलं. तुम्हीही हे रजिस्टर मागाच. कोणती बॅच, कोणता वार, कोणता प्रयोग, सही कोणाची, सगळं त्यात असतं.

याच्या उलट, नांदेडला एका लॅबमध्ये मशीन जुनी होती, दोन बंदच होती, पण वीसेक मुलं बसलेली आणि फळ्यावर लिंक्ड लिस्टचे (बाणांनी एकमेकांना जोडलेल्या नोंदींच्या साखळीचे) चौकोन आणि बाण काढलेले. एका मुलीचा प्रोग्रॅम चालत नव्हता. सरांनी तिला उत्तर सांगितलं नाही, बाण कुठे तुटतोय ते कागदावर काढून दाखव म्हणाले. ती काढत बसली, माझी लेक तिच्या मागे उभी राहून बघत बसली. अर्धा तास तिथून हलायला तयार नव्हती. मला तिथेच कळलं, की पोरीला काय आवडतंय हे तिला विचारून जेवढं कळलं नसतं तेवढं आता कळलं.

मुलांशी बोलताना आईबापांनी जरा बाजूला व्हावं. मी कॅन्टीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसले, लेक मुलींच्यात. तिने तिच्या यादीतलं विचारलं: एका मशीनवर एकच जण बसतो की तिघं? प्रॅक्टिकल खरंच होतं की जर्नल उतरवून सही घेतात? लिनक्स वापरायला मिळतं का? लॅब संध्याकाळी उघडी असते का? शिकवणारे कायम किती आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, किती? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तासिका तत्त्वावरचे कितीतरी शिक्षक जीव ओतून शिकवतात, पण दर सेमिस्टरला माणूस बदलत राहिला तर फायनल इयरच्या प्रोजेक्टला धरून ठेवणारं कोणी राहत नाही.

मराठी माध्यमाची भीती आमच्या घरात होतीच. जिंतूरकडची एक सेकंड इयरची मुलगी मला म्हणाली, "काकू, पहिलं सेमिस्टर जड जातं. मी रोज पुस्तकातलं एक पान मराठीत समजून घेऊन परत इंग्रजीत लिहायची. दुसऱ्या सेमपासून सवय झाली." लेकीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला तो तिच्या बोलण्याने, माझ्या समजावण्याने नाही.

नांदेड परभणीहून रेल्वेने तास-सव्वा तासावर. स्टेशनपासून विष्णुपुरीला रिक्षा मिळतात. गोदावरीचा पूल ओलांडला, लातूर फाटा मागे टाकला की त्याच रस्त्याला 1981 ची श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ लागतं, म्हणून दोन्ही एकाच दिवसात होतात. हे विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 ला, मुक्तिसंग्राम दिनी, स्थापन झालं. इथल्या संगणकीय शास्त्र संकुलाचंही तेच, प्रामुख्याने पदव्युत्तर. लांबून येणाऱ्यांनी मुक्कामाची काळजी करू नये. सचखंड गुरुद्वाऱ्याचे यात्री निवास आहेत, लंगरमध्ये पोटभर जेवण मिळतं, आणि मुलीला घेऊन एकट्या आलेल्या बाईला तिथे निर्धास्त वाटतं.

कटऑफची यादी बघताना जिल्हा लक्षात ठेवा. परभणी, हिंगोली, लातूर, नांदेड यांचं होम युनिव्हर्सिटी, म्हणजे जिल्ह्याप्रमाणे ठरणारं आपलं विद्यापीठ, नांदेडचं. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव यांचं संभाजीनगरचं. म्हणजे आमच्या लेकीला संभाजीनगरच्या विद्यापीठाला संलग्न कॉलेजात होमचा फायदा नाही. यादीतल्या कोडच्या शेवटी एच असेल तर होम, ओ असेल तर अदर, एस असेल तर राज्यस्तर. स्वायत्त संस्थांत एस दिसतं. सुरुवातीला जी म्हणजे जनरल आणि एल म्हणजे लेडीज. मुलींनी एलचा रकाना आवर्जून बघावा. आमच्याकडे बरेच जण जीचाच आकडा बघून आधीच हाय खातात.

ब्रँचच्या नावांना भुलू नका. कॉम्प्युटर सायन्स, आयटी, एआय-डेटा सायन्स, एआय-एमएल असे चार बोर्ड एकाच मजल्यावर दिसतील. आम्ही दुसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहिले. डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डिस्क्रीट मॅथ्स हा गाभा जवळपास सगळीकडे तोच. फरक पडतो तो शिकवणाऱ्यांत. नवी ब्रँच असेल तर तिची पहिली बॅच बाहेर पडली का, ते विचारा. अभ्यासक्रम कोणाचा तेही विचारा: स्वायत्त संस्था स्वतःचा ठरवते आणि परीक्षाही स्वतः घेते, मराठवाड्यातली बरीच अभियांत्रिकी कॉलेजं मात्र रायगडमधल्या लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला संलग्न आहेत, तिथे पेपर आणि निकाल त्या विद्यापीठाचे. प्लेसमेंटबाबत सर्वात मोठं पॅकेज विचारू नका. तुमच्या ब्रँचमधून किती मुलं बसली, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या यादीत मधोमध येणाऱ्या मुलाला किती मिळालं, एवढंच विचारा आणि लिहून घ्या.

वसतिगृह आतून बघा. आम्ही गेलो तेव्हा पाऊस होता, सगळीकडे पाणीच पाणी. पण तिथल्या मुलींना एप्रिलबद्दल विचारा: टँकर येतो का, बोअर टिकतो का, आंघोळीला बादली किती. मराठवाड्यात हा प्रश्न अभ्यासाइतकाच मोठा आहे. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर आहे का आणि रात्री किती वाजता गेट बंद होतं, तेही. लॅब सातपर्यंत उघडी आणि मुलींचं गेट सहाला बंद, असं असेल तर ती लॅब मुलींसाठी नाहीच.

फीचं कागदावर लिहून घ्या. 2024-25 पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. माफी या दोनच शुल्कांची आहे. बाकी रकमा, वसतिगृह आणि मेस वेगळं. त्यामुळे काउंटरवर "माफ आहे ना मग" एवढ्यावर थांबू नका, प्रत्येक ओळ विचारा. मुलांसाठी आणि मुलींसाठीही टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफीच्या योजनेतल्या) जागा आहेत, त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो आणि तो फॉर्ममध्ये स्वतंत्र टाकावा लागतो.

घरी आल्यावर लेकीने यादी स्वतः लिहिली. रजिस्टर कोरं असलेलं कॉलेज खाली गेलं, लिंक्ड लिस्टवालं वर आलं. मी एका शब्दाने मध्ये पडले नाही.

जाताना सोबत गुणपत्रिका, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला आणि आधार यांच्या झेरॉक्स ठेवा. नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस लागू असेल तर ते चालू वर्षात चालेल असंच हवं, तारीख बघून घ्या. आणि ज्यांना जात वैधता लागणार आहे त्यांनी निकालाची वाट न बघता बारावीत असतानाच समितीकडे अर्ज करावा. नांदेडला रांगेत आमच्या पुढे उभ्या असलेल्या भावाकडे गुण भरपूर होते, सगळे कागद होते, फक्त वैधता आलेली नव्हती, आणि तो त्या टेबलावरून या टेबलावर फिरत होता.