उत्तरेचा वाफा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी एप्रिल लागला की आई गच्चीवर हिरवी जाळी बांधायची. नौतपात (मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) तर निम्म्या कुंड्या जिन्याखाली. त्यामुळे इंग्लंडमध्ये लीड्सला घर घेताना भिंतीलगतचा लांबट वाफा बघून मला वाटलं, वा, आयती सावली!

हौसेने गुलाब आणि लॅव्हेंडर लावलं. लॅव्हेंडर पहिल्याच हिवाळ्यात कुजलं. गुलाब नुसता उंच वाढला, फूल एक.

चूक माझीच. वाफा घराच्या उत्तरेला आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं खाली, त्यामुळे तिथे डिसेंबरातही भर दुपारी सूर्य ४४ अंश वर असतो. इथे जेमतेम १३, आणि तोही दक्षिणेला, घराच्या पलीकडे. सप्टेंबर संपला की मार्चपर्यंत माझ्या वाफ्याला ऊन म्हणून दिसत नाही. जूनमध्ये मात्र सूर्य पार ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणून सकाळी सहाला आणि रात्री आठला (लख्ख उजेडात रात्र म्हणवत नाही, पण असो) तिरपं ऊन मागून येतं. एका रविवारी वही घेऊन मोजलं: साडेतीन तास. इथे ३ ते ६ तासांना अर्धी सावली म्हणतात. म्हणजे काठावर पास.

खरी मेख पुढेच होती. सावली दोन प्रकारची. वाफ्याचं एक टोक ओलसर, तर दुसरं शेजाऱ्यांच्या सिकॅमोरच्या झाडाखाली. एवढ्या पावसाच्या देशात तिथली माती कोरडी ठणठणीत! पानं छत्री धरतात आणि जे खाली पडतं ते मुळं पिऊन टाकतात. तिथे आता मेल फर्न, एपिमेडियम आणि सायक्लमेन लावलेत. सायक्लमेन हुशार आहे. शरद ऋतूत आधी फुलं, मग पानं; वरचं झाड उघडंबोडकं झालं की हा खाली उजेड खात बसतो.

मधे फॉक्सग्लोव्ह. पहिल्या वर्षी नुसती पानं, दुसऱ्या वर्षी घंटांचा तुरा. झाड विषारी, आणि याच कुळातून हृदयाचं औषध डिगॉक्सिन मिळतं. हे सांगितल्यापासून आई व्हिडिओ कॉलवर 'हात धुतलेस का गं?' विचारते.

ओलसर टोकाला होस्टा. रुंद, शिरा उठलेली पानं, अगदी अळूच्या चालीची. आईने बघताक्षणी विचारलं, "वड्या होतील का?"

मी म्हटलं, जपानमध्ये याचे कोवळे कोंब खातात म्हणे, पण माझ्याकडे उरलंय काय? बिनशंखाच्या गोगलगाईंनी रातोरात पानांची जाळी केलीय. आता निळसर जाड पानांची जात आणणार आहे, ती त्यांना कमी आवडते.

आई स्क्रीनजवळ येऊन भोकं बघत राहिली. मग म्हणाली, "गोगलगाई खातात ना? मग खाजत नसणार."