घंटा मुक्या होण्याआधी

"ईस्टरच्या तोंडावर पडकी चर्च बघायला वसईला का जाता? चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, याचं वाईट नाही वाटत?" सोलापुरात आमच्या वाड्यातल्या काकू दरवर्षी विचारतात. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी रोममधल्या सात चर्चची यात्रा करत. सोलापुरात तेवढी जुनी कॅथलिक चर्च कुठून आणायची? म्हणून प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवास-प्रार्थनेच्या दिवसांत, एक दिवस हुतात्मा एक्सप्रेसनं पुणं गाठते, जमलं तर पुढे वसई.

वसईच्या किल्ल्यातल्या चर्चना छप्पर उरलेलं नाही. भिंती, कमानी आणि पायाखाली अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर हुतात्मा झाले, त्यांचा मला अभिमान आहे. पण पोर्तुगीज अमलात देवळं पाडली, माणसांवर धर्म लादला, हेही त्याच भिंतींपाशी आठवतं आणि आठवायलाच हवं. २००० साली प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांनी केलेल्या अशा पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. तेव्हापासून माझ्या प्रायश्चित्तात हीही पापं असतात.

१७३९ मध्ये वसई पडली आणि चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. त्यातली एक भीमाशंकरला आहे, तिच्यावर १७२९ साल कोरलंय. उघड्या भिंती बघून जीव तुटतो, खोटं कशाला बोलू? घंटेचं मात्र वाईट वाटत नाही. जिंकणाऱ्यांनी ती वितळवली नाही, देवाच्या दारात टांगली. तिथंच भीमा उगम पावते. तिचं पाणी उजनीत अडतं आणि तुमच्या-माझ्या नळाला येतं. आज्ञा गुरुवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारच्या, मिस्सेत (आमच्या मुख्य उपासनेत) गौरवगीत झालं की आमच्या घंटा थांबतात, त्या ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या पुनरुत्थानाच्या जागरणविधीपर्यंत मुक्याच. त्या दिवसांत नळाखाली कळशी लावताना मला हमखास भीमाशंकरची घंटा आठवते.

आणि पुणं? वसईनंतर ५३ वर्षांनी, १७९२ मध्ये, सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातल्या कॅथलिकांना चर्चसाठी जागा दिली. नाना पेठेतलं सिटी चर्च ते. घंटा नेणारे पेशवेच, जागा देणारेही पेशवेच. त्या चर्चमध्ये मी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत प्रार्थना, करते, तेव्हा कुणाचा राग धरावा हे मला खरंच सुचत नाही.

यंदा पवित्र आठवड्याआधीच्या शनिवारी जातेय. चला म्हणालात तर तुमचंही तिकीट काढते. गाडी पहाटेची आहे, डबा मी घेईन.