बिनचूक मेसेजची धास्ती

रात्री साडेबाराच्या सुमारास उशीजवळचा फोन थरथरतो. मेसेज एका शब्दाचा. कधी "उठले", कधी "ऊठले", घाई असली तर नुसतंच "उ". दीर्घ ऊ आला असला की मी मनातल्या मनात तो खोडतो, समासात ऱ्हस्व उ लिहितो आणि कूस बदलतो. ही अंधारातच विचारते, "उठली?" मी म्हणतो, "उठली." मग आम्ही दोघं झोपतो.

लेक न्यूझीलंडला, डनीडिनला जाऊन तीन वर्षं होऊन गेली. तिची सकाळ झाली की आमची रात्र सुरू होते, असं लोकांना सांगताना मी म्हणतो. खरं म्हणजे तिची सकाळ झाल्याशिवाय आम्ही आमची रात्र सुरूच करत नाही.

मी ३४ वर्षं मुद्रितशोधक होतो. सुरुवात खिळ्यांच्या छापखान्यात झाली, शेवट कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे. या कामाची एक गंमत असते, ती बाहेरच्यांना पटत नाही. आम्ही मजकूर वाचत नाही, बघतो. अर्थात शिरलं की चूक निसटते. गोष्ट रंगत गेली, डोळे ओळीबरोबर धावायला लागले की समजायचं, मागच्या पानावर दोन वेलांट्या सुटल्या. म्हणून चांगला प्रूफवाला कादंबरी संपवतो आणि नायकाचं काय झालं ते त्याला सांगता येत नाही. नायकाच्या नावात 'श' आहे की 'ष', ते मात्र झोपेत विचारा.

लेकीचे मेसेजही मी आधी असेच बघतो. काय लिहिलंय ते नंतर. आमच्या हिचं उलटं. जेवली का, थंडी आहे का, आवाज का बसलाय, ती थेट अर्थात शिरते. पण सांगायची गोष्ट ही की गेल्या तीन वर्षांत मुलीच्या बाबतीतली खरी बातमी बहुतेक वेळा मला आधी लागली आहे, आणि ती काना-मात्रा-वेलांटीतून लागली आहे.

आधी वेळेचं सांगून टाकतो. त्यांचं घड्याळ आमच्यापुढे साडेसहा तास असतं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक काटे तासभर पुढे ढकलतात, मग साडेसात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. पहिल्या वर्षी आम्ही नेहमीप्रमाणे दुपारी साडेबाराला तिच्या फोनची वाट बघत बसलो आणि ती साडेअकराला फोन करून करून थकली होती, कारण फोन आतल्या खोलीत आवाज बंद करून ठेवलेला. त्या एका तासात तिने शेजाऱ्यांना आमच्या दारावर पाठवलं. शेजारी धापा टाकत आले तेव्हा आम्ही दोघं ठणठणीत, शब्दकोडं सोडवत बसलेलो.

त्या अर्ध्या तासाचा मला फार राग यायचा. साडेसहा कसले, सरळ सहा का नाहीत? शोधत गेलो तर कळलं, की १८६८ साली न्यूझीलंडने देशभर एक वेळ ठरवली ती ग्रिनिचच्या साडेअकरा तास पुढे. म्हणजे त्यांच्याकडेही आपल्यासारखाच अर्धा तास होता! तो तसाच राहता तर आपल्या साडेपाच तासांशी वजाबाकी करून नेमके सहा उरले असते. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी घड्याळं अर्धा तास पुढे केली आणि १९४६ साली ते बारा तास कायमचे करून टाकले. मी हे हिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मग आता काय करायचं?" काही नाही. पण राग गेला. चूक नसून बदललेली आवृत्ती आहे हे कळलं की प्रूफवाल्याचा राग जातो.

तर मेसेज. लेक रोमन अक्षरं दाबते, फोन त्यांचं देवनागरी करतो. यात काने गळतात. पहिल्या हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या, जूनमध्ये, एके दिवशी मेसेज आला: "आज घरीच आहे, थोडा तप आहे." मी हसलो. ही म्हणाली, "हसताय काय, तिला ताप आलाय." आणि मग माझं हसू उतरलं. मी त्या शब्दात एक काना कमी एवढंच बघत बसलो होतो. अर्थाच्या बाजूने तेव्हा हीच पुढे होती, हे कबूल करायला हवं. तेव्हापासून घरात कुणालाही बरं नसलं की आम्ही 'तप चालू आहे' म्हणतो.

माझी जुनी खोड म्हणजे तिला दुरुस्त्या परत पाठवणं. तिने "ठिक" लिहिलं की मी काहीही न बोलता "ठीक" पाठवतो. "रात्रि" आलं की "रात्री". सुरुवातीला ती वैतागायची. "बाबा, मी इथे बर्फात बसची वाट बघतेय आणि तुम्ही माझी वेलांटी बघताय!" मी म्हटलं, बर्फाचं मी काही करू शकत नाही, वेलांटीचं करू शकतो. पुढे तिने ते सोडून दिलं. माझी दुरुस्ती आली म्हणजे बाबांनी मेसेज वाचला, बाबा ताळ्यावर आहेत, एवढाच अर्थ ती घ्यायला लागली. हे तिने मला फार उशिरा सांगितलं.

गेल्या जुलैत मात्र वेगळंच झालं. मेसेज एकदम शुद्ध यायला लागले. "आज दिवसभर पाऊस होता, त्यामुळे बाहेर पडले नाही. तुम्ही दोघं कसे आहात?" स्वल्पविराम जागच्या जागी. 'त्यामुळे' जोडून. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम, आणि माझी मुलगी पूर्णविराम फक्त रागावल्यावर देते. चार दिवस, आठ दिवस, एकही चूक नाही. ही खूश. "बघा, तुमच्या शिकवणीचं चीज झालं." मला झोप येईना.

कारण चुका कधी होतात ते मला ठाऊक आहे. जुळवलेल्या पानांचा फर्मा मशीनवर चढायची वेळ झाली की खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या हातून चुका होतात. हाताला काम असतं तेव्हा होतात. माझ्या मुलीच्या चुका बसस्टॉपवरच्या, लिफ्टमधल्या, दोन मीटिंगांच्या मधल्या. आठ दिवस बिनचूक लिहायचं म्हणजे तिच्याकडे प्रत्येक मेसेज पुन्हा वाचून बघायला वेळ होता. एवढा वेळ तिच्याकडे कुठून आला? भर कामाच्या दिवसांत, जिथे त्या महिन्यात सूर्य पाचच्या आसपास मावळतो तिथे, ती खोलीत बसून माझ्यासाठी स्वल्पविराम देत होती.

मी विचारलं नाही. हिलाही सांगितलं नाही. विचारलं असतं तर "काही नाही बाबा" आलं असतं, तेही शुद्ध. रविवारी सकाळच्या फोनवर, तिच्याकडे तेव्हा दुपार असते, मी तिच्या मागची भिंत बघायचो. आधी खिडकीतून प्रकाश कुठून येतो त्यावरून ती घरात कुठे बसली आहे ते कळायचं. तिची खोली उत्तरेकडे खिडकी असलेली, आणि ते ऐकून ही सुरुवातीला हळहळली होती, उत्तरेला कसलं ऊन! तिकडे सूर्य उत्तरेकडून फिरतो, उत्तरेची खिडकी म्हणजे उन्हाची खिडकी, हे लेकीने भूगोलाच्या बाईसारखं समजावलं होतं. जुलैत फोनवर मागे सतत एक पडदा ओढलेला. उन्हाची खोली घेऊन पडदा ओढून बसलेली मुलगी. हेही मी नुसतं बघितलं.

या दिवसांत मला पक्ष्याचं वेड लागलं. डनीडिनजवळच्या द्वीपकल्पाच्या टोकाला तायारोआ हेड म्हणून जागा आहे, तिथे रॉयल अल्बाट्रॉस घरटी करतात. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण तीन मीटर. २०१६ पासून तिथल्या एका घरट्यावर कॅमेरा लावला आहे आणि चोवीस तास त्याचं चित्रण कुणालाही घरबसल्या बघता येतं. आईबाप आळीपाळीने अंडं उबवतात, सुमारे अकरा आठवडे. पिल्लू बाहेर आलं की पहिले काही आठवडे कुणीतरी एक जण जवळ थांबतं. मग दोघंही समुद्रावर जातात आणि पिल्लू एकटं. त्या दिवसांत मी बघायचो ते असं: वाऱ्यात हलणारं गवत, मधोमध पांढऱ्या पिसांचा गोळा, आणि तासन्‌तास काहीही न घडणं. कधीतरी आई किंवा बाप उतरतो, भरवतो, थोडा वेळ थांबतो, पुन्हा निघतो. ही जाता येता विचारायची, "अहो, तुमचं पिल्लू जेवलं का?"

मुलगी त्या गावात राहते, म्हणून मी तो वारा बघत होतो. पक्षी निमित्त. गवत जोरात हललं की मी तिला लिहायचो, आज स्वेटर घाल. ती लिहायची, "घातला आहे, बाबा." स्वल्पविरामासकट.

साधारण आठ महिन्यांनी ते पिल्लू उडतं आणि मग चार-पाच वर्षं जमिनीला पाय लावत नाही. हे मी हिला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बरं झालं, त्याच्याकडे फोन नाही."

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, भर दुपारी मेसेज आला. जसाच्या तसा देतो: "बाबा झाल काम सोमवार पासुन नविन जागि नंतर बोलते". विरामचिन्ह एकही नाही. मी तो चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्ही प्रकारे बघितला. पाच चुका मोजल्या, विरामचिन्हं वेगळी. एकही दुरुस्ती पाठवली नाही. हिला हाक मारली तर ती म्हणाली, "डोळ्यांत काय गेलं तुमच्या?"

पुढे ऑगस्टमध्ये लेकीने सगळं सांगितलं. कंत्राट संपलं होतं, पुढचं मिळत नव्हतं, आम्हाला काळजी नको म्हणून बोलली नाही. मी म्हटलं, "मला माहीत होतं." ती म्हणाली, "कसं?" मी म्हटलं, "तू स्वल्पविराम द्यायला लागलीस." पलीकडे बराच वेळ शांतता. मग हसली. मग थोडी रडली असावी, कारण तिने फोन छताकडे धरला.

आता माझी पाळी. ऑक्टोबरात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. किरकोळ गोष्ट, दुपारी घरी सोडतात. पण मुलीला कळलं असतं तर तिने तिकीट काढण्याच्या गोष्टी केल्या असत्या, नुकतं कुठे काम लागलेलं. आम्ही दोघांनी ठरवलं, सांगायचं नाही. फोनवर मी उजवी बाजू अंधारात ठेवून बसायचो. ही मेसेज वाचून दाखवायची आणि माझ्या वतीने "बरं" लिहायची. दर दोन तासांनी थेंब, गडद चष्मा, खाली वाकायचं नाही. सगळं बेतलेलं होतं.

सहाव्या दिवशी, बेवक्त, तिच्याकडची मध्यरात्र उलटून गेलेली असताना फोन वाजला. हिने उचलला तर पलीकडून पहिलं वाक्य, "आई, बाबांना काय झालंय? खरं सांग."

ही गडबडली. "कुठे काय, बसलेत की इथे."

"मग त्यांनी माझं 'महत्व' का सोडलं?"

लेकीने सापळा लावला होता. पाच दिवस माझी एकही दुरुस्ती नाही, म्हणून तिने सहाव्या दिवशी मुद्दाम चुका पेरून मेसेज पाठवला होता, ज्या मी मेलो तरी सोडणार नाही अशा. हिने तो मला वाचून दाखवला होता, आणि कानाने ऐकलेल्या शब्दाची वेलांटी कशी कळणार? ऐकायला सगळं शुद्धच होतं. मी खुशाल "छान, यश येईल" एवढं लिहायला सांगितलं होतं.

त्यानंतर पाऊण तास आम्हा दोघांची हजेरी घेतली गेली. "तुम्ही मला सांगत नाही," ती म्हणाली. "आणि तू?" मी म्हटलं. यावर दोन्ही बाजूंना उत्तर नव्हतं. शेवटी तिने तडजोड काढली, आजारपण आणि नोकरी या दोन गोष्टी लपवायच्या नाहीत, बाकीचं ज्याचं त्याने बघावं. फोन ठेवताना म्हणाली, "तीन चुका सोडल्यात तुम्ही बाबा, तीन. रेकॉर्ड आहे."

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पांढरा रंग इतका पांढरा दिसतो की भिंतीला रंग दिला की काय असं वाटतं. दुसऱ्या डोळ्याने बघितलं तर तीच भिंत जुन्या कागदासारखी पिवळट. मी एकदा हा डोळा, एकदा तो, असं मिटून बघत होतो, ही म्हणाली, "लहान मुलासारखं काय चाललंय?" मग नव्या डोळ्याने पहिल्यांदा फोन उघडला आणि तो मेसेज शोधून काढला.

"बाबा, उद्या महत्वाची मिटींग आहे. पुर्ण तयारी झाली. आशिर्वाद द्या."

मी एकदा वरून खाली बघितला, एकदा खालून वर. ती तीन म्हणाली होती. मला चार सापडल्या. चौथी कुठली, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.