‘सेट’ची वही : करवत, सिमेंट, ऊस

मंडळी, इंग्रजी ‘set’ या एकाच शब्दाचे अर्थ टिपायची माझी ‘सेट’ची वही पुढे सरकली, पण या खेपेला शब्दकोश मिटून कारागिरांच्या मागे लागले.

१९८९च्या ऑक्सफर्ड कोशात सर्वांत लांबलचक नोंद याच शब्दाची होती, जवळपास ४३० अर्थ. पुढे ‘रन’ने नुसत्या क्रियापदाच्या ६४५ अर्थांवर बाजी मारली. मारू दे. ‘सेट अप’, ‘सेट ऑफ’, ‘सेट इन’ अशी शेपटं लावून आकडा फुगतोच. मी ती सगळी वहीतून काढून टाकली.

खरी मजा धंद्यातल्या अर्थांत आहे. करवतीचा ‘सेट’ म्हणजे एक दात किंचित डावीकडे, पुढचा उजवीकडे वाकवणं. त्यामुळे काप पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि पातं लाकडात अडकत नाही. इथे ‘बसवणं’ही नाही नि ‘घट्ट होणं’ही नाही! हे पान माझं सगळ्यात लाडकं.

सिमेंटवाल्यांचं गणित वेगळं. त्यांचा ‘सेट’ म्हणजे पाणी घातलेला लगदा आळणं. साध्या पोर्टलँड सिमेंटचा सुरुवातीचा ‘सेट’ ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवटचा ६०० मिनिटांच्या आत झाला पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. मोजतात विकॅटच्या सुईने, म्हणजे लगद्यात सोडायच्या एका ठरावीक सुईने. लगदा ४० मिलिमीटर खोल. सुई तळापासून साधारण ५ मिलिमीटरवर अडली की सुरुवातीचा सेट झाला. ताकद येणं ही त्यानंतरची, दिवसांची गोष्ट. तिला ‘सेट’ म्हणत नाहीत.

उसाचा ‘सेट’ लिहिताना शेवटी टी दोनदा. म्हणजे आपली लावणीची टिपरी, एका किंवा दोन डोळ्यांची. बॅजर या बिज्जूसारख्या प्राण्याचं बीळ आणि रस्त्याचा फरसबंदी दगड यांचंही स्पेलिंग तेच. आणि नाशिककडचे द्राक्षवाले मणी धरण्याला सरळ ‘सेटिंग’च म्हणतात, त्याला शब्दकोश कशाला?

कपबश्यांचा ‘सेट’ मात्र दुसऱ्या घरचा. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं. ‘सिट’चं प्रयोजक रूप, आपल्या बसणे-बसवणेसारखंच. समूह या अर्थाचा ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून आला, लॅटिन ‘सेक्टा’पासून. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ही तिथलाच. पुढे दोघं इतके मिसळले की कोशकारांनाही सोडवणं जड जातं.

आता वहीत छापखान्याचं पान घेतलंय. छपाईच्या अक्षराच्या खिळ्याच्या रुंदीलाही इंग्रजीत ‘सेट’ म्हणतात. मराठी छापखान्यात खिळे जुळवलेलं कुणी ओळखीचं असेल, तर तिथे या रुंदीला काय म्हणायचे ते विचारून कळवा.