गेट-ग्रिलपासून अकरा माणसांच्या घरापर्यंत

हिंगणघाटच्या बाहेर, हैदराबाद रस्त्याला लागून आमचं वर्कशॉप आहे. सुरुवात साऱ्या फॅब्रिकेशनवाल्यांसारखीच. गेट, ग्रिल, शटर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गोठ्यावरचे टिनाचे शेड. पुढे समृद्धी महामार्गाचं काम वर्धा जिल्ह्यात लागलं तेव्हा ठेकेदारांना मजुरांसाठी केबिन आणि साइट ऑफिस हातोहात हवी होती. वणीकडच्या कोळशाच्या पट्ट्यातूनही मागणी यायची. लोखंडी सांगाडा, पफ पॅनलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या) भिंती, ट्रेलरवर चढवायचं आणि हायड्रा क्रेनने उतरवायचं. त्या केबिनांवर आमचं घर चाललं, आणि पोरांच्या हाताला मापाची सवय लागली ती वेगळीच कमाई.

मग तशाच तयार करून नेलेल्या शेतावरच्या एकेक खोल्या. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. शेतकऱ्याला रात्री ओलिताच्या वेळी टेकायला जागा हवी, आम्ही ती देत होतो.

राळेगाव तालुक्यातल्या एका कुटुंबाने मात्र आमचा धंदाच बदलला. तीन भाऊ, त्यांच्या बायका-लेकरं, म्हातारे आईबाप, मिळून अकरा माणसं. मातीचं जुनं घर खचत चाललेलं. थोरल्याने कुठेतरी आमची शेतावरची खोली पाहिली होती. म्हणाला, "अशाच पाच खोल्या एकमेकाले जोडून द्या न भाऊ, झालं घर!"

तसं ते होत नाही. रस्त्यावरच्या मालगाडीला नियमाने २.६ मीटर रुंदी मिळते, म्हणजे साधारण साडेआठ फूट. म्हणून आमचा डबा, म्हणजे वर्कशॉपमध्ये तयार होणारी अख्खी खोली, आठ फुटांचा. भिंतींची जाडी वजा केली की आत साडेसातच्या आसपास उरतात. एकट्या माणसाला ते चालतं, पण लग्नकार्याला पाहुणे बसवायचे तर बैठक सोळा फूट रुंद हवी. मग दोन डबे शेजारी ठेवायचे आणि मधली भिंत गाळायची. भिंत गाळली की त्या बाजूला भक्कम बीम टाकावा लागतो. शिवाय एक बाजू उघडी असलेला डबा क्रेनने उचलताना पिळवटतो, म्हणून उघड्या बाजूला तिरपे अँगल तात्पुरते वेल्ड करायचे आणि डबा जागेवर बोल्टने आवळल्यावरच कापून काढायचे. गावातली पोरं मोबाईल घेऊन शूटिंग करत असतात तेव्हा पोटात गोळा असतो तो याचा.

त्याहून मोठी गोष्ट जमिनीची. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. विटांच्या घराला त्यामुळे तडे जातात. आमच्याकडे एक पाया अर्धा इंच उचलला तरी दोन डब्यांमधला सांधा उघडतो, दारं अडकतात, पाणी आत येतं. त्यामुळे अशा जमिनीत आम्ही खाली फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घेतो. रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच रूढ केलेली ही पद्धत, खोली साधारण ३.५ मीटर. वरचा बीम मातीला टेकू द्यायचा नाही, खाली फट ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलला जात नाही. "जमिनीत एवढा पैसा पुरता काहून?" असं मधल्या भावाने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा भेगेत हात घालून दाखवला.

विटांचं घर बांधताना माणूस मिस्त्रीसमोर उभा राहून मन बदलू शकतो. खिडकी इकडे घे, ओटा तिकडे सरकव. इथे लोखंड कापलं की विषय संपला. म्हणून सारी भांडणं आधीच व्हावी लागतात, आणि ती करवून घेणं हेच आता आमचं अर्धं काम आहे. सुनांना स्वयंपाकघर मोठं हवं होतं, काकाजींना, म्हणजे म्हाताऱ्या वडिलांना, बैलांसाठी मोकळं अंगण, कारण पोळ्याला जोडी दारातच ओवाळायची. कूलर कोणत्या भिंतीत बसेल ते ठरायला एक अख्खी संध्याकाळ गेली. पफचं घर घट्ट बंद असतं. कूलरने आत ढकललेली हवा समोरून बाहेर पडली नाही तर ४५ डिग्रीत आत नुसतं दमट होतं. प्रत्येक कूलरसमोर उघडणारी खिडकी हवीच. डब्यांवर वेगळं उतरतं छप्पर आणि मधे हवेला जागा, हेही उन्हासाठीच. पावसात टिनाचा आवाजही त्याने कमी होतो.

खरा प्रश्न म्हातारीने विचारला. "मंग कापूस कुठी ठेवाचा?" नकाशात तो कुणीच धरला नव्हता. आपल्याकडे भाव येईस्तोवर कापूस घरात छतापर्यंत रचलेला असतो. पफ पेटलं तर धूर विषारी, आणि शेजारी कापसाचा ढीग! आम्ही ती खोली घराला जोडायलाच नकार दिला. अंगणापलीकडे सिमेंटचा ओटा, साध्या पत्र्याच्या भिंती, आत विजेची एकही वायर नाही. स्वयंपाकघराच्या भिंतींत पफऐवजी रॉकवूल (न पेटणारी दगडी लोकर), आतून सिमेंट फायबर बोर्ड. चूल मागच्या सांदवाडीतल्या छपरीत. देवघर कुठे, हे मात्र म्हातारीने एका वाक्यात सांगून टाकलं. त्यावर कुणी तोंड उघडलं नाही.

स्वस्त पडतं म्हणून कुणी येत असेल तर आम्ही दारातच सांगतो, एवढ्या मोठ्या घराला पैसे विटा-सिमेंटइतकेच लागतात. वाचतो तो वेळ. इकडे पाइल होत असतात तेव्हा तिकडे वर्कशॉपमध्ये डबे तयार होत असतात. फक्त डबे मृगाच्या आधी शेतात पोचले पाहिजेत. पांदण एकदा चिखलाने भरली की ट्रेलर काय, बैलगाडीही रुतते.

राळेगावच्या त्या कामापासून आगाऊ रक्कम घेण्याआधी आम्ही गाडीचा रस्ता स्वतः चालून येतो. वळणं मोजतो, विजेच्या तारा किती खाली आहेत ते बघतो. सध्या दारव्ह्याकडच्या एका कुटुंबाचं काम ठरतंय. त्यांच्या पांदणीच्या वळणावर जुनी बाभूळ आहे, चाळीस फुटी ट्रेलर तिथे फिरत नाही. लेकाचं म्हणणं बाभूळ तोडा, बापाचं म्हणणं डबे तीस फुटांचे करा. तीस फुटांचे केले तर डबा एक वाढतो आणि सांधाही एक वाढतो. तो हिशेब आम्ही दोघांसमोर मांडलाय, निरोप अजून यायचा आहे.